दुसऱ्या वक्त्याची खूण

त्या रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर घरात कुणी बाहेरचे कपडेसुद्धा बदलले नाहीत. जेवणं कशीबशी उरकली. काकूंनी टेबल दोनदा पुसलं आणि त्याच्या बरोब्बर मध्यावर मोठ्या काकांनी तो अर्ज ठेवला. चार पानी होता. आत्याचं वय, उंची, रक्तदाब, सगळं त्यांच्या मुलाने सुवाच्य अक्षरात भरून आणलं होतं. शेवटच्या पानावर दोन भावांच्या सह्यांची जागा तेवढी रिकामी होती. वृद्धांच्या त्या निवासात एक खाट सोमवारी दुपारपर्यंत राखून ठेवली होती. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आत्या स्वतः तिथे नव्हती. ती जेवून मागे तिच्या विणायच्या खोलीत जाऊन बसली होती. रविवारी वेत विणायचा नाही हा तिचा नियम. पण विणताना वेत भोकात अडकवायच्या खुंट्या निवडून डब्यात भरायला हरकत नाही, असं तिने म्हणे वर देवाला विचारून घेतलं होतं. म्हणे कशाला, सगळ्या घराने ते विचारणं कानांनी ऐकलं होतं. दुखणं तेच तर होतं.

खुर्च्या करणाऱ्यांचं हे घर. मोठे काका लाकूड बघत, धाकटा भाऊ पॉलिश करी, आणि दोघांमधली बहीण, म्हणजे आत्या, सोळाव्या वर्षापासून वेताच्या बैठका विणत आली होती. लग्न तिने केलं नाही. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरक्या, असं करत तिने पंचावन्न वर्षांत किती भोकांतून वेत ओढला असेल ते देवच जाणे. आणि ती सगळी वर्षं ती बोलत आली होती. मोठ्याने, शेजारी कुणीतरी बसलंय अशा थाटात. पूर्वी करवतीच्या आवाजात ते खपून जायचं. मग काकांच्या मुलाने रस्त्याकडची बाजू पाडून शोरूम काढलं, तेव्हापासून घरात त्याला शोरूमवालाच म्हणू लागले, आणि शोरूम नि विणायची खोली यांच्यात उरला फक्त एक पडदा. गेल्या महिन्यात एक बाई सहा खुर्च्या घ्यायला आल्या. खुर्चीत बसून, तिच्या हातांवर हात फिरवून बघत होत्या, इतक्यात पडद्यामागून आवाज आला, “अरे, पण मला पुरतं बोलू देशील की नाही? का सगळं तूच बोलणार?” बाईंनी पर्स उचलली ती उचललीच.

डॉक्टरांनी आत्याला तपासलं, जीभ बघितली, तारीख-वार विचारले. सगळी उत्तरं बरोबर आली. “नेमकं काय बोलतात ते लिहून आणा,” डॉक्टर म्हणाले, “मग ठरवू.” आणि नेमकं लिहून आणायचं म्हटल्यावर घरातल्या सगळ्या माना एकाच माणसाकडे वळल्या.

ती स्टेनोबाई. धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी, वय सेहेचाळीस, कोर्टात लघुलेखिका. देवाची शपथ घेऊन माणसं किती सफाईने खोटं बोलतात हे तिने बावीस वर्षं आपल्या हाताने टिपलं होतं. तिची आई वारली आणि त्याच वर्षी ती नोकरीला लागली. त्याच वर्षी तिचं प्रार्थना करणंही थांबलं. उपासनेला ती दर रविवारी जायची, सगळ्यांबरोबर उठायची, बसायची, ओठ हलवायची. शास्त्रातलं कुठलं वचन कुठे ते काकांआधी सांगायची. पण त्या ओठांतून निघणारं काहीच कुणाला उद्देशून नसायचं. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती, वडिलांनासुद्धा नाही. बाहेरून सगळं जागच्या जागी होतं, आणि आत बावीस वर्षं कुणी नव्हतं.

मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत चार दिवस रजा काढून ती विणायच्या खोलीच्या फळीमागे, लाकडाच्या कोठारात, उलट्या खोक्यावर वही घेऊन बसली. चोरून ऐकायची लाज वाटत होती. पण टिपायला लागल्यावर लाज राहत नाही, काहीच राहत नाही. टिपताना कान थेट हाताला जोडलेला असतो. डोकं मध्ये आलं की शब्द सुटतो. त्यामुळे चाळीस पानं भरली तरी त्यांत काय आहे हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. शनिवारी बसून टाइप करायचं ठरवलं होतं, आणि का कोण जाणे, दिवसभरात तिला वही उघडवली नाही.

“टाइप नाही केलंस, ताई?” शोरूमवाल्याच्या कपाळाला आठी पडली. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण कपाळ आधीच काकांवर गेलेलं.

“नाही.”

“मग आता कसं करायचं?”

“वाचून दाखवते.”

“वाच,” मोठे काका म्हणाले. ते मंडळीचे पंच. टेबलाच्या टोकाला बसायचे आणि बसल्यावरही उभे असल्यासारखे दिसायचे. “आणि एक आधीच सांगून ठेवतो. चिमी माझी बहीण आहे, मला काही ती जड झालेली नाही. पण देव हा राजा आहे. राजासमोर माणूस बटणं लावून जातो. हे असं शेजारणीशी बोलल्यासारखं ‘अरे तुरे’ ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. एक तर ती देवाचा अपमान करतेय, नाही तर तिचं डोकं ठिकाणावर नाही. अपमान ती करणार नाही. म्हणून सही करायची.”

अण्णा, म्हणजे स्टेनोबाईचे वडील, खोकले. ते बोलायच्या ऐवजी खोकायचे.

तिने वही उघडली. घरात लघुलिपी वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर गैरसोयीचं गाळून सोयीचं वाचलं असतं. तिला ते सुचलंसुद्धा, पण जिभेला सवय नव्हती.

“मंगळवार, सकाळी नऊ,” तिने कोर्टातल्या सपाट आवाजात सुरुवात केली. “‘आलास? बस. पाणी गार आहे, वेत मऊ व्हायला वेळ लागेल. तोवर बोलू.’ विराम, अर्धा मिनिट. ‘हो, लागली झोप. गुडघा ठणकत होता पण लागली.’ विराम. ‘तक्रार नाही रे, सांगितलं आपलं.’”

“बघा,” शोरूमवाला म्हणाला. “दिवसभर हेच.”

“‘धाकट्याचा खोकला वाढलाय. पॉलिश करताना तोंडावर फडकं बांध म्हणून मी सांगते तर ऐकत नाही. तुझं ऐकतो का बघ.’”

अण्णांना नेमका तेव्हाच खोकला आला, आणि तो दाबता दाबता ते लाल झाले. काकूंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“‘दादा म्हणतो, तू राजा आहेस.’ विराम. ‘आहेसच. ते का मला माहीत नाही? कधी कधी तू आलास की माझे हात थरथरतात, वेत सुटतो. पण राजाच्या घरची माणसं घरात बटणं लावून हिंडतात का? तू सांग.’ विराम. ‘हसू नकोस. मी गंभीरपणे विचारतेय.’”

आता मात्र अण्णा हसले. चांगले मोठ्याने हसले. काकूही हसल्या आणि नवऱ्याचं तोंड बघून गप्प झाल्या.

“हसायचं काय आहे त्यात?” काका म्हणाले. पण त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला होता, वरच्या बटणापाशी. “पुढे वाच.”

मंगळवार संपला. बुधवारच्या दुसऱ्या पानावर ती अडखळली. पुढच्या ओळीत काय आहे ते तिच्या डोळ्यांना जिभेच्या आधी दिसलं होतं.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“तुमच्याबद्दल आहे, काका.”

“मग? मला काय भीती आहे? वाच.”

तिने वाचलं. “‘आज मी दादाबद्दल काही ऐकून घेणार नाही. मला घराबाहेर काढायला निघालाय. कागद आणलेत, मला कळत नाही होय? आणि मी त्याच्यासाठी तुझ्याकडे मागायचं? बाबा गेले त्या दुपारी हा खोलीत आला नाही. बाबा सारखे दाराकडे बघत होते. मी सोळा वर्षांची, धाकटा बाराचा, आम्ही दोघंच खाटेशी. हा मोठा मुलगा, आणि हा कारखान्यात लाकडं रचत होता. पंचावन्न वर्षं मी त्याच्या पानात वाढलं, कधी वाकडा शब्द बोलले नाही. पण विसरले नाही. विसरणार नाही.’ विराम. एक मिनिट.”

काकूंनी टेबलपुसणं हातात घट्ट धरलं होतं. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

“‘नाही, ते खरं नाही.’ विराम. ‘नाही, मी असं कधी…’ विराम. ‘हो. ते खरं आहे. ते मी केलं.’ विराम, दोन मिनिटं. ‘दाराबाहेर?’” तिचा आवाज उगीचच उतरला. “‘दाराबाहेर होता? सगळा वेळ?’ विराम. ‘घाबरला होता. दादा?’ विराम. ‘एकोणीस वर्षांचं पोर होतं रे ते. मला वाटलं, दगड आहे. सगळी वर्षं मी मनात त्याला दगडच म्हणत आले.’ विराम, चार मिनिटं. ‘सोडलं. हो, सोडलं म्हणते ना. उद्या परत धरून बसले तर परत सोडव. आता त्याच्यासाठी मागते. त्याला सांग, की बाबांना ठाऊक होतं.’”

ती थांबली, कारण काका उभे राहिले होते. उभे राहिले आणि मग कशासाठी उठलो हेच विसरल्यासारखे खुर्चीच्या पाठीला धरून राहिले.

“हे तिला कुणी सांगितलं?”

“काय सांगितलं?” काकू म्हणाल्या. “अहो, खरं आहे का ते?”

“दाराची मूठ धरून उभा होतो.” काकांचा आवाज त्यांचा वाटेना. “आत जाववेना. बाबांचा श्वास ऐकू येत होता बाहेर. मूठ फिरवायची एवढंच होतं, तेवढं झालं नाही माझ्याच्याने. मग श्वास ऐकू येईनासा झाला, तेव्हा पळालो, कारखान्यात जाऊन लाकडं रचत बसलो. सगळ्यांना तिथे सापडलो.” ते बायकोकडे वळले. “तुला सांगितलं नाही. पाळकांना सांगितलं नाही. इतक्या प्रार्थना म्हटल्या या टेबलाशी उभं राहून… देवालासुद्धा सांगितलं नाही गं. ते कुठल्या छापील प्रार्थनेत बसतच नव्हतं.”

काकू उठल्या, नवऱ्यापाशी गेल्या आणि त्यांना हाताला धरून खाली बसवलं. चाळीस वर्षांच्या संसारात काकांना असं कुणी बसवलेलं घराने बघितलं नव्हतं.

“पप्पा, एक मिनिट,” शोरूमवाल्याने मध्येच तोंड घातलं. तो वाईट नव्हता, फक्त शांतता त्याला सोसायची नाही. “आत्याने तेव्हा बघितलं असेल. दाराखालून सावली दिसली असेल. मनात कुठेतरी राहून गेलं असेल, आता वर आलं. असं होतं, मी वाचलंय.”

होतही असेल, स्टेनोबाईने मनाशी कबूल केलं. तिने सहज पुढची ओळ शोधायला वहीकडे नजर वळवली, आणि तेव्हा तिला ती रेघ दिसली.

कोर्टात माणसं आळीपाळीने बोलतात. वकील विचारतो, साक्षीदार सांगतो. दर वेळी नाव लिहायला सवड नसते, म्हणून वक्ता बदलला की ती दोन वाक्यांच्या मध्ये एक छोटी तिरकी रेघ मारते. दुसऱ्या वक्त्याची खूण. साक्षीदार नुसताच गप्प बसला, तर रेघ नाही; तिथे टिंब. हा फरक तिच्या हातात इतका मुरला होता की झोपेत विचारलं असतं तरी चुकला नसता. आणि इथे, आत्याच्या प्रत्येक विरामाच्या आधी एक रेघ होती आणि नंतर एक रेघ होती. टिंब एकही नव्हतं.

तिने मागचं पान उलटलं. तिथेही रेघा. पुढची दहा पानं उलटली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. आत्या, रेघ, वेळ, रेघ, आत्या. चार दिवस, चाळीस पानं, आणि तिच्या हाताने एकदासुद्धा त्या शांततेला शांतता म्हटलं नव्हतं.

एकट्याने बोलणारी माणसं तिने पुष्कळ टिपली होती. पिंजऱ्यात उभे राहून स्वतःशी पुटपुटणारे, कुणी नसलेल्याला शिव्या देणारे. त्यांचं बोलणं फिरून फिरून त्याच जागी येतं. आणि एक गोष्ट त्यांच्यात कधीच होत नाही: ते हरत नाहीत. आपणच प्रश्न, आपणच उत्तर. मग हरवणार कोण? आत्या हरली होती. भावाविरुद्ध पंचावन्न वर्षांची फिर्याद घेऊन बसली आणि अर्ध्या तासात त्याच्याच बाजूने मागून उठली. मध्ये कुणीतरी तिला वळवलं होतं. तिला न आवडणारं काहीतरी सांगितलं होतं, ते तिने आधी नाकारलं होतं, आणि मग मान्य केलं होतं. उलटतपासणीत साक्षीदार खरं बोलायला लागतो तो क्षण तिने बावीस वर्षांत मोजून पाच-सात वेळा बघितला होता. तो क्षण एकट्याने येत नाही.

म्हणजे त्या फळीपलीकडे चार दिवस कोण होतं? आणि आपण त्याच्यापासून हातभर अंतरावर उलट्या खोक्यावर बसून घड्याळ बघत होतो! तिला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या आत आनंद होता. देव आहे हे तिला पाठ होतं. देव तिथे बसला होता, हे तिला आत्ता कळत होतं.

“ताई? संपलं का?”

“गुरुवार-शुक्रवार राहिलेत,” ती म्हणाली. गुरुवार तिने वाचून संपवला आणि शुक्रवारचं पान काढलं. “‘शोरूमवाल्याला गिऱ्हाईक दे. आणि थोडी गप्प बसायची ताकद दे, म्हणजे गिऱ्हाईक टिकेल.’”

या वेळी कुणी हसलं नाही, खुद्द शोरूमवाला तेवढा कसनुसा हसला.

“‘आता तिचं. फळीमागे बसलीय बघ, मंगळवारपासून. पाय अवघडले असतील. मी हाक मारली तर लाजेल बिचारी.’” तिने श्वास घेतला. “‘तिची आई गेल्यापासून ती तुझ्याशी बोलत नाही. तुला माहीतच आहे. मला कुणी सांगितलं नाही, पण मी उपासनेत तिच्या शेजारी उभी असते, नुसते ओठ हलवणारं माणूस मला कळतं. मी रोज तिचं नाव काढते आणि रोज तू तेच सांगतोस.’ विराम. ‘हो, पण किती दिवस?’ विराम. ‘बरं. तू थांबलायस तर मीही थांबते.’”

वाचून झालं होतं. अण्णा मुलीकडे बघत होते. बावीस वर्षं एका घरात राहून एकाच माणसासाठी दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत रडून घेतलं होतं, आणि मुलीचं दुसरं दुखणं त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. पॉलिशने तपकिरी झालेला, नखांत वास भरलेला हात. तिने तो धरला.

शोरूमवाल्याने घसा साफ केला. “मला काही वाटत नाही असं नाही. पण डॉक्टरांना उद्या काहीतरी द्यायला हवं. तू हे टाइप कर, खाली तुमचा तो कोर्टातला दाखला लिही आणि सही कर. पुढचं ते बघतील.”

“दाखल्यात काय असतं माहीत आहे तुला?” ती म्हणाली. “‘या ठिकाणी जे बोललं गेलं ते सर्व यात आलं आहे.’ त्याखाली माझी सही.”

“हां. तेच.”

“ते मी लिहू शकत नाही.”

“का? काही गाळलंस?”

“अर्धं बोलणं राहिलंय यात,” ती म्हणाली. “मला ऐकू आलं नाही. पण झालंय. त्याची जागा आहे, त्याला लागलेला वेळ आहे, त्याच्यानंतर बोलणारीचं मन बदललेलं आहे. इतकी वर्षं मी एकाही खोट्या कागदावर सही केली नाही. या कागदावर ती खोटी ठरेल.”

ती हे ज्या आवाजात बोलली तो आवाज शोरूमवाल्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो काहीतरी म्हणणार होता, पण आत्याने त्याच्यासाठी मागितलेली ताकद बहुधा तेव्हाच पोचली. तो गप्प बसला.

काकांनी अर्ज आपल्याकडे ओढला. त्याची चार पानं नीट जुळवली, मधोमध घडी घातली, आणि पुन्हा घडी घातली. “सकाळी मी स्वतः फोन करतो,” ते म्हणाले. “जागा नको म्हणून सांगतो. आणि पडद्याच्या जागी भिंत घाल.”

“आत्याचं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून?” मुलाने जपून विचारलं.

“नाही रे,” काका म्हणाले. “गिऱ्हाइकांची कटकट आत जाऊ नये म्हणून.” आणि मग ते टेबलावर डोकं टेकून रडायला लागले, आणि काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

स्टेनोबाई उठली. वही तिने तिथेच ठेवली.

विणायच्या खोलीत दुपारचं ऊन सरळ जमिनीवर उतरलं होतं. अर्धवट विणलेल्या तीन खुर्च्या भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. आत्या खिडकीखालच्या स्टुलावर मांडीत पत्र्याचा डबा घेऊन बसली होती. वेत ओढून ओढून वाकडी झालेली तिची बोटं मोडक्या खुंट्या वेगळ्या काढत होती.

“ये. बस,” ती म्हणाली. “दादा रागावलाय?”

“रडताहेत.”

“बरं झालं.” आत्याने एक खुंटी उजेडात धरून बघितली आणि फेकून दिली. “किती वर्षांचं तुंबलं होतं.”

“आत्या, मी चोरून ऐकलं. चुकलं माझं.”

“चोरून कसलं? तुला ऐकू यावं म्हणून तर चार दिवस ओरडून ओरडून घसा बसला माझा. नाहीतर मला कशाला एवढं मोठ्याने बोलायला लागतंय? त्याला ऐकू येतं.”

तिला हसू आलं. ती जमिनीवरच बसली, उन्हात, आत्याच्या पायांशी. “त्याचा आवाज कसा असतो गं?”

आत्या विचारात पडली. हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नसावा. “आवाज नाही,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे कानाला नाही. तुझी आई नुसती बघायची आणि तुला कळायचं की नाही, आता उठायचं, आता पुरे, आता इकडे ये? ओळखीच्या माणसाचं कळतं. आधी शंका येते, आपलंच मन बोलतंय की काय. पण आपलं मन आपल्या बाजूने बोलतं. तो खरं बोलतो. आणि खरं सांगून उठून जात नाही, बसून राहतो. त्यावरून ओळखायचा.”

“मला त्याची सगळी माहिती आहे, आत्या. ओळख नाही.”

“त्याला तुझी आहे.”

खोलीत ओल्या वेताचा वास होता. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“तूच बोल ना माझ्या वतीने,” ती म्हणाली. “आज एकदा.”

“आजवर बोललेच की. माझं सांगून झालं. आता मी मध्ये नको.”

“पण काय बोलू? छान असं काहीच नाही माझ्याकडे.”

“छान कुणी मागितलंय? जे आहे ते दे.”

तिने डोळे मिटले, मग उघडले. मिटून तिला नेहमीचे पाठ शब्द आठवायला लागले होते. समोर उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता.

“मला तुझा राग आहे,” ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच परका वाटला. पण आभाळ काही कोसळलं नाही. आत्याची बोटं डब्यात चालत राहिली.

“सात आठवडे मी तुझ्याकडे मागत होते. दवाखान्याच्या त्या बाकावर, रोज. दुसरं काही मागितलं होतं का मी कधी? आणि शेवटच्या दिवशी मी जरा डोळे मिटायला म्हणून बाकावर आडवी झाले, तेवढ्यात ती गेली. तेवढी दहा मिनिटं तुला थांबवता आली नाहीत? ती एकटी होती. खोलीत कुणी, कुणीसुद्धा नव्हतं…”

ती तोंडावर हात दाबून रडली. बावीस वर्षं जपून ठेवलेलं ते रडं होतं, त्याला घाईने संपता येत नव्हतं. पुन्हा बोलायला लागली तेव्हा शब्द तुटक येत होते. परिचारिकेने काय सांगितलं, उशी कशी वाकडी झाली होती, ती उशी आपण नंतर कशी सरळ करत बसलो. आणि बोलता बोलता, एका वाक्याच्या मध्यावर, ती थांबली.

बराच वेळ थांबली. तिचे ओठ अर्धवट उघडे राहिले होते आणि डोळे उन्हातल्या त्या रिकाम्या जागेवर स्थिर झाले होते.

“तू होतास?” तिने हळूच विचारलं.

डब्यातला आवाज बंद झाला.

“नाही,” ती म्हणाली. “नाही, ते मला माहीत नव्हतं.” आणि पुन्हा थांबली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती म्हणाली, “हो. सांग. मी ऐकतेय.”

आत्याने डबा आवाज न करता जमिनीवर ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि भाचीच्या अंगावर सावली पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने दाराकडे गेली. बाहेर पावलं वाजली होती. मोठे काका येत होते, मागून अण्णा. दार आत्याने आपल्यामागे अलगद लावून घेतलं, आणि तिचा दबका आवाज आतपर्यंत ऐकू आला.

“दादा, थांब जरा. आत जाऊ नका. दोघं बोलताहेत.”